जूनमध्ये लावलेलं झाड नेमकं मेलं कधी?

आमच्या गावच्या गायरानात एक खड्डा आहे. त्यात पाच वर्षांत आम्ही पाच झाडं लावली: गुलमोहर, कडुनिंब, सिल्व्हर ओक, पुन्हा कडुनिंब आणि शेवटी बदाम. खड्डा तोच, पाटी तेवढी बदलत गेली. सहाव्या वर्षी मंडळाची पोरं म्हणाली, "ह्या खड्ड्यालाच काय तरी झालंय, नारळ फोडूया." नारळ फोडला, खोबरं वाटून खाल्लं. झाड काही जगलं नाही.

गाव बेळगावच्या पश्चिमेचं, पण हीच रड मी खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी सगळीकडे ऐकलीय. शाळेचं मैदान असो, देवळामागची पड जमीन असो, लेआउटमध्ये मोकळी सोडलेली जागा असो की तळ्याचा काठ, जूनमध्ये शंभर लावायची आणि पुढच्या मे महिन्यात दहा मोजायची. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा लावण्याचा. जगवण्याचा आठवडा मात्र कुठल्याच कॅलेंडरात नाही.

"झाडं मेली, काय करावं?" असं कुणी विचारलं की मी आता एकच उलट प्रश्न करतो: कधी मेली? मेलेल्या झाडाचा महिना कळला की निम्मं निदान झालं. म्हणून आधी शंभर पानी वही घ्या, प्रत्येक खड्ड्याला नंबर द्या आणि वर्षात चार वेळा फेरी मारा: म्हातारा पाऊस संपल्यावर, सुगीनंतर, शिमग्याला आणि वळवाच्या आधी. मोजणी फोटो काढणाऱ्याने नाही, पाणी घालणाऱ्याने करावी.

आषाढ-श्रावणात मेलं

हे सगळ्यात फसवं. धो धो पाऊस चालू असताना झाड सुकतं म्हणून लोक म्हणतात रोग पडला. उपटून बघा. मुळं काळी असतील आणि कुजका वास येत असेल तर ते झाड बुडून मेलंय. आमच्याकडे वर हातभर माती आणि खाली जांभा, म्हणजे तांबडा कठीण दगड. पहार लावून दोन फुटांचा चौकोनी खड्डा पाडला की ते जांभ्यात कोरलेलं टाकंच होतं. त्यात पाणी जातं, बाहेर पडायला वाट नाही. काळ्या रानातही तेच होतं, फक्त तिथं चिकण माती जांभ्याचं काम करते.

परीक्षा सोपी आहे. मेमध्ये खड्डा काढला की त्यात दोन घागरी पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर तो खड्डा झाडाचा नाही. उताराच्या बाजूला चर मारून पाण्याला वाट काढा, नाहीतर खड्डा बुजवून वर दीड फूट उंच मातीचा ढीग करा आणि त्या ढिगावर झाड लावा. खड्ड्यात विकतची भुसभुशीत माती आणि शेणखत गच्च भरायची हौस असते, तीही आवरा. आजूबाजूची जमीन कठीण आणि खड्डा तेवढा मऊ असला की सगळीकडचं पाणी तिथंच मुरतं. मुळंही त्या मऊ जागेतच गोल फिरत राहतात. निघालेली मातीच परत भरा, तिच्यात थोडं खत मिसळा.

मुळात पाणी साचणारी जागा असेल, म्हणजे ओढ्याकाठ, तळ्याची मागची बाजू, बळ्ळारी नाल्याच्या आजूबाजूची भाताची रानं, तर तिथं पाणी सोसणारीच जात लावा: जांभूळ, अर्जुन, करंज, कळंब, वाळुंज. कडुनिंब, शेवगा, सीताफळ यांना ओले पाय सोसत नाहीत. आणि हसू नका, प्लास्टिकची पिशवी काढली होती का तेही बघा. आम्ही एका वर्षी अकरा झाडं पिशवीसकट उपटली. लावणारे सगळे पदवीधर होते.

सुगीनंतर मेलं

भात निघालं की गुरं मोकळी सुटतात. शेंडा खाल्लेला, साल सोललेली, खोड मोडलेलं दिसलं तर निदान लांब शोधायला नको. लोखंडी जाळी लावली की आठ दिवसांत जाळी जाते आणि झाड राहतं, मग झाडही जातं. आमच्या अनुभवात बोराटीचं कुंपण जाळीपेक्षा टिकलं. ते कोण नेणार?

त्याहून चांगला जुना उपाय म्हणजे खुंट. वड, उंबर, पांगारा, मोई यांची मनगटाएवढ्या जाडीची, आठ-नऊ फूट लांब सरळ फांदी वळवाचे दिवस संपता संपता तोडायची, दोन फूट जमिनीत गाडायची, वरच्या कापावर शेण थापायचं. पालवी गुरांच्या तोंडाच्या वरच फुटते. सगळे खुंट लागत नाहीत, पण लागतील त्यांना जाळी नको की पिंजरा नको. रस्त्याकडेच्या कितीतरी जुन्या वडांचा जन्म असाच झालाय. नर्सरीत याचं रोप मागू नका, गावातल्या वडाखाली कोयता घेऊन जा. आणि दोन फांद्या घ्या, वीस नकोत.

कुंपणच शक्य नसेल तर गुरं सहसा तोंड लावत नाहीत अशा जाती कडेला लावा: करंज, निर्गुडी, सीताफळ. याच कारणासाठी बऱ्याच ठिकाणी पिवळी कण्हेर लावतात. शाळेजवळ ती अजिबात नको, तिच्या बिया विषारी असतात आणि दिसायला खेळण्यासारख्या. शाळेच्या आवारात बिब्बाही नको, त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात.

गुरं वळणाऱ्याशी आधी बोलणं हे मात्र कुठल्याही जाळीपेक्षा स्वस्त पडतं. पाणवठ्याची वाट अडवून झाडं लावलीत तर ती मरणारच, आणि चूक गुरांची नाही.

शिमग्याच्या आसपास मेलं

वणवा. गवत वाळलेलं, कुणीतरी बिडी टाकली किंवा चांगलं गवत येईल म्हणून मुद्दाम लावलं. डिसेंबरातच भोवतीचं गवत ज्याला पाहिजे त्याला फुकट कापून न्यायला सांगा आणि कडेनं दहा फुटांची जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढा. यापलीकडे जादू नाही.

चैत्र-वैशाखात मेलं

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. लोक म्हणतात पाणी कमी पडलं. पाणी कमी पडलं हे खरंच, पण ज्या झाडाला त्या जागेवर जन्मभर टँकर लागणार, ते निवडलं कुणी?

आपल्या जिल्ह्याचा पाऊस एकदा डोळ्यासमोर आणा. कणकुंबी-आमगावकडे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर, बेळगाव शहरात १,३०० च्या आसपास आणि अथणीकडे ५०० ते ६००. हे सगळं दोनशे किलोमीटरच्या आत. पश्चिमेला जांभा आणि तांबडी माती, उत्तरेला आणि पूर्वेला काळी. तरीही जांबोटीच्या शाळेला आणि अथणीच्या शाळेला त्याच दहा जातींची रोपं येतात, कारण नर्सरीत ती असतात. रोग इथं आहे.

जांबोटीच्या वरच्या अंगाला एका गवळी-धनगर मामांना मी विचारलं होतं, आमचे निंब का जगत नाहीत? त्यांनी माझ्याकडंच बघून विचारलं, "तुमी घाटाकडच्या रानात निंब कुठं बघितलासा काय?" मी आठवायला लागलो. "न्हाई न्हवं? मग?" संपलं व्याख्यान. कडुनिंब हे कोरड्या रानाचं झाड. अथणीत ते बांधावर आपोआप उगवतं, आम्ही घाटाच्या पावसात त्याला बुडवून मारत होतो.

तेव्हापासून माझा नियम असा: नर्सरीत काय आहे ते नंतर. आधी लावायच्या जागेपासून पाच-सात किलोमीटरच्या आत पाणी न घालता उभी असलेली जुनी झाडं बघायची. देवराई, ओढ्याची कड, मसणवटा, देवळाची मागची बाजू, जुना बांध. जागेची माती आणि त्या झाडाखालची माती सारखी असली पाहिजे. ओढ्यातलं जांभूळ बघून ते माळावर लावलं तर पुन्हा तीच गत.

घाटाच्या पट्ट्यात, म्हणजे खानापूरचा पश्चिम भाग, जांबोटी, कणकुंबी आणि शेजारचा चंदगड, फिरलात तर किंजळ, ऐन, नाणा, जांभूळ, हिरडा, बेहडा, कुंभा, अंजनी, बिबळा, फणस दिसतील. उघड्या, उथळ जमिनीवर कुंभा, आवळा, किंजळ आधी टिकतात. त्यांची सावली झाल्यावर बाकीची लावावीत. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांनी तर बाहेरून काही आणायची गरजच नाही, बी पायाखाली आहे.

बेळगाव आणि आसपासचा भाग मधला, त्यामुळे इथं चैन आहे. करंज, बकुळ, आंबा, शिवण, बहावा, बेहडा, कांचन, पुत्रंजीवा, तामण, सगळं येतं. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा कानातलं काढून वर बघावं. मोठं झालेलं झाड किती जागा घेतं हे तिथं कळतं आणि मग दहा फुटांवर वड लावायची इच्छा राहत नाही.

चिकोडीच्या पुढं, रायबाग-अथणीकडं कडुनिंब, चिंच, बाभूळ, हिवर, बोर, बेल, कवठ, शमी, आपटा, अंजन. कृष्णाकाठी पाटपाण्यानं चोपण (खारवट, घट्ट) झालेल्या जमिनीत बाभूळ, बोर, करंज यांच्यापासून सुरुवात करावी. तिथं आंबा-फणसाचा हट्ट करू नये. त्या बाजूला जूनचा पाऊस भरवशाचा नाही, खरा जोर सप्टेंबरात असतो. म्हणून पाच जूनच्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमाला पाच झाडं लावा आणि बाकीची जमीन पुरती भिजल्यावर. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. त्यावर उसाचं पाचट अर्धा फूट जाड पसरणं हा पाण्याइतकाच महत्त्वाचा उपाय. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नका, नाहीतर वाळवी येते. साखर कारखान्यांचा हा पट्टा, पाचट जाळतात आणि मग झाडांना टँकर बोलावतात. असो.

वर अंजनी आणि अंजन असं दोन ठिकाणी लिहिलंय, ती छपाईची चूक नाही. अंजनी घाटातली, निळ्या-जांभळ्या फुलांची, सदाहरित. अंजन पूर्वेच्या कोरड्या रानाचं, कठीण लाकडाचं. एकाच्या जागी दुसरं लावलं की दोन्हीकडे मेलं म्हणून समजा.

नावांचा हा घोळ आपल्याकडे जास्तच, कारण आपण मराठीत मागतो आणि नर्सरीतली पाटी कन्नडमध्ये असते. आम्ही ऐन मागितला, "मत्ती" म्हणून सांगितलं, गाडीभर रोपं आली. दोन वर्षांनी खोडं गुळगुळीत आणि फिकट निघाली. तो अर्जुन होता. अर्जुनाला कन्नडमध्ये होळेमत्ती म्हणतात, होळे म्हणजे नदी. आम्ही नदीकाठचं झाड माळावर चढवलं होतं. तेव्हा ऐन हवा असेल तर करीमत्ती म्हणा. बाकी करंजाला होंगे, जांभळाला नेरळे, बेहड्याला तारे, हिरड्याला अळले, चिंचेला हुणसे, उंबराला अत्ती, शमीला बन्नी. एवढं पाठ असलं तरी पुरतं. आणि नुसतं "अशोक" मागितलं की उंच वाढणारा खोटा अशोक येतो. सीता-अशोक पाहिजे असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि त्याला सावली व ओल लागते हेही लक्षात ठेवा.

पाण्याचं विचाराल तर योग्य जातीलाही पहिले दोन उन्हाळे हात द्यावा लागतोच. रोज तांब्याभर पाणी घालू नका, मुळं वरच राहतात. आठवड्याला एक घागर, सावकाश मुरेल अशी. गळकं मडकं बुंध्याजवळ पुरलं तर आणखी चांगलं. माळावर आणि रानात दीड-दोन फुटांचं वर्षाचं रोप घ्या. सहा फुटांचं रोप फोटोत छान दिसतं, पण पाणी मागतं. ते रस्त्याकडेला, जिथं रोज कुणी बघणार आहे तिथंच ठीक.

चंदनाबद्दल दोन वेळा विचारणा झाली म्हणून सांगतो. चंदन एकटं लावलं की खुरटतं, कारण ते दुसऱ्या झाडाच्या मुळांतून पोषण घेतं. शेजारी तूर किंवा करंज असावं लागतं. सार्वजनिक जागेत मात्र ते मोठं झालं की रात्रीतून जातं, तेव्हा नकोच.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाऱ्यात आडवं

जगलं म्हणून आनंद झाला आणि एका श्रावणात मुळासकट उलटलं. मूळ बघा. दोरीच्या वेटोळ्यासारखं गोल असेल तर तो दोष पिशवीत दोन-तीन वर्षं राहिलेल्या शिल्लक रोपाचा. फुकट मिळतात म्हणून अशी रोपं उचलू नका. आणावीच लागली तर खालचं वेटोळं ब्लेडनं छाटून, बाजूला दोन-तीन उभे काप देऊन लावा.

मूळ चांगलं आणि तरी पडलं, तर जात बघा. गुलमोहर मादागास्करचा पाहुणा. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी भागात, तो फुलला की मीही गाडी सावकाश करतो. पण त्याची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ आणि आपल्याकडचा वळवाचा वारा दांडगा. सोनमोहर आणि रेन ट्री यांच्या फांद्यांचीही तीच तऱ्हा. मोठ्या मैदानाच्या कोपऱ्यात एखादा असू द्या, पण बसस्टॉपवर, पार्किंगवर, शाळेच्या गेटावर नको. तिथं करंज, बकुळ, पुत्रंजीवा बरे. बुंध्याभोवती चार बाय चार फूट तरी माती उघडी ठेवा, काँक्रीट खोडाला भिडवलं तर कुठलीही जात पडेल. विजेच्या तारेखाली पारिजातक, आपटा, कुडा एवढ्याच उंचीची झाडं लावा, म्हणजे लाईनमनशी भांडायला लागणार नाही.

मेलं नाही, पण खाली काहीच उगवत नाही

ही तक्रार निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जुन्या लागवडीची. हिरवं दिसतं, पण खाली गवताचं पातं नाही, पाखरू नाही. निलगिरीच्या नव्या लागवडीवर कर्नाटकात २०१७ साली बंदी आली, उभ्या रांगा मात्र आहेत. सगळ्या एकदम तोडायच्या भानगडीत पडू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय उघड्या उतारावरची माती एका पावसात जाईल. त्यांच्या सावलीत जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी घाला. ही झाडं डोक्याएवढी झाली की वरची एक-एक रांग विरळ करत जायचं. पंधरा वर्षांचं काम आहे, मंडळाच्या अध्यक्षाच्या एका मुदतीत होत नाही.

कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड अजून कुणी सुचवत असेल तर नम्रपणे नको म्हणा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. आपल्याला इतक्या देशी जाती असताना ते कशाला पाहिजे?

जिथं झाड लावूच नये

कणकुंबी-चोर्ल्याकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून उत्साही लोक पहारी घेऊन जातात. पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवं, कीटक पकडणारे दवबिंदू आणि सोनकीचे गालिचे असतात. त्या वनस्पतींना सावली नको, उघडा खडकच हवा. पूर्वेकडचे गवताळ माळही असेच, तिथल्या मेंढरांना आणि चंडोलांना झाडांची दाटी करून काय मिळणार? दर चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबणारी मियावाकी पद्धत शहरातल्या पडीक जागेला ठीक, माळाला नाही.

आणि जमिनीचा उतारा बघा. जागा कुणाच्या नावावर आहे हे न बघता आम्ही एकदा चाळीस झाडं तीन वर्षं जगवली. चौथ्या वर्षी तिथं जेसीबी आला आणि समाजमंदिराचा पाया निघाला. आता आधी पंचायतीत पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) जागा नक्की करून घेतो आणि लेखी घेतो.

राहिला आमचा खड्डा. गेल्या मेमध्ये तो उकरला तर दीड फुटाखाली सलग जांभ्याची लादी निघाली, पहार वाजायला लागली. तीस पावलांवर मात्र जुन्या कुंभ्याची आणि दोन जांभळांची खोडकी होती. दर पावसाळ्यात ती फुटत होती आणि दर हिवाळ्यात गुरं खात होती. आम्ही नवं काही लावलं नाही. त्या तिन्हींभोवती बोराटी घातली, प्रत्येकाचा एकच सरळ कोंब ठेवून बाकीचे छाटले. जुनं मूळ जमिनीत खोल असल्यामुळे पाणी घालायला लागलं नाही. कुंभा आता माझ्या खांद्याला लागतो. ज्याच्या माळावर अशी खोडकी असतील त्याने रोपं आणायच्या आधी ती मोजावीत.

आणखी जांभळं हवीत म्हणून या जूनमध्ये पोरांना बिया थुंकायला लावल्या आणि त्याच आठवड्यात कुंपणाच्या आत टोकल्या. जांभळाचं बी वाळवून डब्यात ठेवलं की उगवत नाही. खड्डा तसाच सोडलाय. पावसाळाभर त्यात बेडूक असतात.